उघडे पडलेले पितळ

मराठी भाषेत ‘पितळ उघडे पडणे’ असा एक वाक्प्रचार आहे. सोन्याचा म्हणून मिरविलेल्या दागिन्याचा मुलामा एके दिवशी उडतो, आतले पितळ चारचौघांच्या दृष्टीस पडते आणि मिरविणाऱ्याची फजिती होते, असे चित्र त्यामागे आहे. म्हणून कोणाचे पितळ उघडे पडले असे ऐकले, की त्या माणसाने काहीतरी लपविले असावे, असेच आपल्या मनात येते. परंतु जगात अशीही एक वस्तू आहे, की जिचे पितळ उघडे पडले तरी तिला कमीपणा येत नाही. उलट जाणती माणसे ती अधिक आदराने हातात घेतात. ती वस्तू म्हणजे फिल्मवर चित्रे घेणारा जुना कॅमेरा. या कॅमेऱ्याच्या अंगावरील रंगाची झीज आणि त्याची निगा यांविषयी मला काही सांगावयाचे आहे. विषय लहान दिसतो. पण वापराने झिजलेल्या वस्तूंकडे, आणि पुढे माणसांकडेही, आपण कोणत्या दृष्टीने पाहावे, हा प्रश्न त्यात दडलेला आहे.

मुलांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी फिल्मचा कॅमेरा पाहिलाही नसेल. आज खिशातील मोबाइल फोनने एका दिवसात शंभर चित्रे घेता येतात आणि नको असलेली पुसून टाकता येतात. फिल्मच्या कॅमेऱ्याचे तसे नव्हते. प्रकाशाने बदल पावणाऱ्या रसायनाचा लेप दिलेली एक लांब पट्टी गुंडाळून त्यात घालावी लागे. आग्फा क्लिक थ्री नावाचा साधा कॅमेरा एके काळी भारतातील अनेक मध्यम स्थितीच्या घरांत असे. त्याच्या एका रोळात बारा चित्रे येत. त्या बारांतच घरचे लग्न, बारसे आणि देवदर्शन बसवावयाचे! लहान फिल्मच्या कॅमेऱ्यात छत्तीस चित्रे येत. रोळ धुऊन आल्याशिवाय चित्र कसे उतरले हे कळत नसे. त्यामुळे कळ दाबण्यापूर्वी माणूस थांबे, डोळे भरून पाही आणि मगच बोट हलवी. अशा रीतीने वर्षानुवर्षे हाताळलेली ही यंत्रे आज कोणाच्या कपाटात, तर कोणाच्या माळ्यावरील पेटीत पडून आहेत.

या यंत्रांच्या अंगावर रंग का देत, हे आधी समजून घेऊ. जर्मनीतील वेट्झलार या गावी ऑस्कर बारनॅक नावाच्या कुशल तंत्रज्ञाने लहान फिल्मचा एक सुटसुटीत कॅमेरा तयार केला. तो ‘लायका’ या नावाने १९२५ साली बाजारात आला. अशा उत्तम कॅमेऱ्यांची वरची व खालची झाकणे बहुधा पितळेच्या पत्र्याची असत. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण होय. ते कापावयास, वळवावयास आणि त्यावर अक्षरे कोरावयास सोपे असते. शिवाय ते लोखंडासारखे गंजत नाही. मात्र हाताच्या घामातील क्षारांनी ते काळवंडते, आणि उन्हात त्याची चकाकी डोळ्यांत भरते. म्हणून त्यावर काळ्या रंगाचा लेप देत. पुढे, १९३० नंतरच्या काळात, पुष्कळ कॅमेऱ्यांवर क्रोमियम धातूचा चंदेरी मुलामा चढू लागला. क्रोमियम फार कठीण असल्यामुळे तो सहसा झिजत नाही. काळा रंग त्या मानाने मऊ असतो. तो प्रथम कडांवरून आणि कोपऱ्यांवरून उडतो, आणि मग त्याखालून पितळेचा मंद पिवळा रंग डोकावू लागतो.

ही झीज वाचता येते. जुना कॅमेरा हातात घेऊन नीट पाहा. फिल्म पुढे सरकविण्याच्या चावीजवळचा रंग उडाला असेल, तर तेथे हजारो वेळा अंगठा फिरला आहे. पट्टा अडकविण्याच्या कड्यांभोवती पितळ दिसत असेल, तर हा कॅमेरा गळ्यात अडकवून कोणी पुष्कळ पायपीट केली आहे. तळाशी स्क्रूच्या भोकाभोवती गोल ओरखडे असतील, तर त्याला वारंवार तिपाईवर चढविले आहे. कदाचित तो शाळांचे आणि लग्नमंडपांचे समूहफोटो घेणाऱ्या एखाद्या व्यावसायिकाचा असेल. आणि चारही बाजूंनी रंग जसाच्या तसा असेल, तर तो कॅमेरा बहुतेक काळ पेटीतच राहिला, असे समजावे. एखाद्या वहीत लिहून ठेवावा तसा वापराचा हिशेब त्या रंगावर उमटलेला असतो.

वस्तूंवरील असा हिशेब आपल्या घरांतून आणि शेतांतूनही जागोजागी आढळतो. जुन्या जात्याचा खुंटा पाहा. आजी आणि पणजी यांच्या हातांनी तो इतका गुळगुळीत झालेला असतो, की कोणत्याही सुताराला रंधा मारून ती सफाई आणता येणार नाही. नांगराच्या रुमण्यावर शेतकऱ्याची मूठ जेथे बसते, तेथील लाकूड वेगळेच चमकते. देवघरातील सहाण मध्यभागी खोलगट होते. देवळाच्या दगडी पायऱ्या पावलांनी झिजतात. यांपैकी एकाही वस्तूला आपण नासलेली म्हणत नाही. इतकेच काय, जो माणूस दुसऱ्यांसाठी कष्टतो, तो चंदनासारखा झिजला, असे आपण गौरवाने म्हणतो. मग कॅमेऱ्याच्या कडेवर पितळ दिसू लागताच त्याला जुनापुराणा म्हणून का हिणवावे?

ज्यांनी मोठी कामे केली, त्यांनी आपली हत्यारे जपली, पण राखून ठेवली नाहीत. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा चलच्चित्राचा कॅमेरा आणला. परत आल्यावर त्यांनी प्रथम वाटाण्याच्या अंकुराची वाढ टिपली. ती पाहून लोकांना त्यांच्या कामाविषयी खात्री पटली, आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत पडद्यावर आला. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांनी तर आपल्या सहकाऱ्यांसह चलच्चित्राचा कॅमेरा स्वतःच घडविला. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचा जन्म १९१३ साली नवसारी येथे झाला आणि शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत झाले. रोलीफ्लेक्स आणि स्पीड ग्राफिक यांसारखे वजनदार कॅमेरे घेऊन त्या साडी नेसून दिल्लीच्या रस्त्यांवर फिरत. स्वातंत्र्याच्या पहाटेची कितीतरी दृश्ये त्यांनी टिपली. १९७० साली त्यांनी हे काम थांबविले. २०११ साली त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला. कॅमेऱ्याला ओरखडा पडेल या भीतीने ही माणसे घरी बसली असती, तर आपल्या इतिहासाची किती पाने कोरी राहिली असती!

मात्र येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. वापराने होते ती झीज. दुर्लक्षाने होते ती हेळसांड. दोन्हींमुळे रंग जातो, म्हणून दोन्ही एकच समजू नयेत.

हा भेद ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात राहणाऱ्या मुलांना चटकन समजेल. कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वाशिंद हे गाव आहे. १८५५ साली कल्याणच्या पुढे आगगाडी धावू लागली, ती प्रथम वाशिंदपर्यंतच. भातसा नदीचे खोरे आणि माहुलीचा डोंगर यांच्या या मुलखात जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस कोसळत असतो. भातशेतीला तो हवाच असतो. पण घरात भिंतींना ओल येते, पेटीतील कपड्यांना कुबट वास येतो आणि न वापरलेल्या चपलांवर पांढरी बुरशी चढते. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील मुलांना हे सांगावयास नको. जी बुरशी चपलेवर चढते, तीच कॅमेऱ्याच्या कातड्यावरही चढते. पुढे ती भिंगाच्या आत शिरते आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरते. चित्रे धूसर येऊ लागतात. अंगावरील कातडी वेष्टनाखाली ओल साचली, तर आतील पितळेवर हिरवट कळंक धरतो आणि वेष्टनाला फोड आल्यासारखे दिसतात. हा हिरवा कळंक कोणाच्या हाताने उमटलेला नसतो. कपाटाचे दार चार-चार पावसाळे कोणी उघडले नाही, याचा तो पुरावा असतो.

कॅमेऱ्याच्या आतील काळ्या रंगाचीही गोष्ट निराळी आहे. भिंगातून आलेला प्रकाश इकडेतिकडे परावर्तित होऊ नये, म्हणून आतली बाजू काळी आणि निस्तेज ठेवलेली असते. तेथील रंगाचा पोपडा निघून धातू चमकू लागला, तर तो प्रकाश फिल्मवर भलतीकडे पडतो आणि चित्रातील काळेपणा फिका होतो. म्हणून बाहेरचे पितळ उघडे पडले तर पडू द्यावे. आतले पडले, तर ते जाणकाराकडून वेळीच दुरुस्त करून घ्यावे.

येथे कोणी असा आक्षेप घेईल: “रंग उडाला तर पुन्हा द्यावा, यात वाईट काय? घराला आपण दर काही वर्षांनी रंग देतोच की!” हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. वाशिंदलाच पोलादी पत्र्यांवर जस्ताचा आणि रंगाचा थर चढविण्याचा मोठा कारखाना आहे. पोलादाला असा थर नसेल, तर त्याला गंज चढतो. गंजाचे पापुद्रे सुटतात, त्यांखालचे नवे पोलाद उघडे पडते आणि तेही गंजते. असे करता करता पत्रा भोकाभोकांचा होतो. जस्ताचा थर असला, म्हणजे जस्त स्वतः आधी झिजते आणि पोलादाला राखते. तेव्हा घराचे पत्रे, पूल, शेतीची लोखंडी अवजारे यांना वेळेवर रंग दिलाच पाहिजे. कॅमेऱ्याचा एखादा भाग लोखंडी पत्र्याचा असेल आणि त्यावर तांबूस गंज दिसत असेल, तर तेथेही उपाय केला पाहिजे. परंतु पितळेवर जो काळपट थर येतो, तो पापुद्र्यांनी सुटत नाही. तो पातळ असून खालच्या धातूला चिकटून राहतो आणि पुढची हानी मंद करतो. त्यामुळे कोरड्या जागी ठेवलेल्या पितळेच्या कॅमेऱ्याला रंगावाचून काही अपाय होत नाही. रंग द्यावा की नाही, हे खालच्या धातूला विचारावे; आपल्या हौसेला विचारू नये.

याखेरीज नवा रंग देण्यात एक मोठे नुकसान आहे. रंग देण्यापूर्वी जुना रंग खरवडावा लागतो. त्याबरोबर कोरलेले आकडे बुजतात, अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि वर सांगितलेला वापराचा सारा हिशेब पुसला जातो. तो पुन्हा लिहिता येत नाही. २०२२ साली ऑस्कर बारनॅक यांच्या स्वतःच्या वापरातील लायका कॅमेरा जर्मनीत लिलावात विकला गेला. त्याचा काळा रंग जागोजागी उडालेला होता. त्याला १ कोटी ४४ लाख युरो, म्हणजे शंभर कोटी रुपयांहून अधिक किंमत आली. तो नव्याने रंगवून चकचकीत केला असता, तर बारनॅक यांच्या बोटांच्या खुणा त्यावर राहिल्या नसत्या. आपल्या घरच्या कॅमेऱ्याला एवढी किंमत कोणी देणार नाही, हे उघड आहे. पण आपल्या आजोबांच्या बोटांच्या खुणा आपल्या घराला तितक्याच मोलाच्या असावयास हव्यात.

मग निगा कशी राखावी? आपल्याकडे सणाच्या आधी पितळेची भांडी चिंच, लिंबू, राख किंवा रांगोळी लावून लखलखीत घासतात. भांड्यांना ते ठीक आहे. कॅमेऱ्याला यांपैकी काहीही लावू नये. आंबट रस फटींत शिरतो आणि आतल्या आत धातू खात राहतो. राखेने व रांगोळीने रंग खरवडला जातो. कॅमेरा पुसावयास स्वच्छ, मऊ आणि कोरडे सुती फडके पुरे. फटींतील धूळ मऊ कुंचल्याने झाडावी. हाताळून झाल्यावर घामाचे डाग लगेच पुसावे. स्पिरिट लावू नये. त्याने काही रंग विरघळतात आणि प्लास्टिकला तडे जातात. कातड्याला खोबरेल तेल चोपडू नये. भिंगाच्या बाबतीत तर अधिकच जपावे. नंतरच्या काळातील पुष्कळ भिंगांवर परावर्तन कमी करणारा अतिशय पातळ लेप असतो. सदऱ्याच्या टोकाने एकदा जोराने पुसले, की त्यावर उठलेले ओरखडे कायमचे राहतात.

पावसाळ्यापूर्वी कॅमेरा त्याच्या कातडी पिशवीतून बाहेर काढावा. ही पिशवी प्रवासात उपयोगी पडते. पण कपाटात ती ओल शोषून घेते आणि कॅमेऱ्याला चिकटवून ठेवते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात कॅमेरा ठेवावा. औषधांच्या आणि बुटांच्या खोक्यांत मिळणाऱ्या लहान पुड्या त्याच होत. त्या ओल शोषतात. जुन्या झाल्या, की बदलाव्या. महिन्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून त्याची कळ आणि चावी चालवून पाहावी, म्हणजे यंत्र जाम होत नाही. उघडीप पडली, तर त्याला थोडा वेळ मोकळ्या हवेत ठेवावे; पण त्याचे भिंग सूर्याकडे कधीही करू नये. भिंगाने सूर्यकिरण एकवटतात, आणि काही कॅमेऱ्यांतील कापडी पडदा त्याने जळून भोक पडते. यांत पैसा फारसा लागत नाही. लागते ती आठवण आणि शिस्त.

आता एक चमत्कारिक गोष्ट सांगतो. झिजलेल्या कॅमेऱ्यांची प्रतिष्ठा इतकी वाढली, की २०१५ साली खुद्द लायका कंपनीनेच एक कॅमेरा मुद्दाम झिजवून विकावयास काढला. तो फिल्मचा नव्हता, आजच्या पद्धतीचा होता. एका अमेरिकन गायकाच्या कल्पनेप्रमाणे कारागिरांनी नव्या कोऱ्या कॅमेऱ्याचा काळा रंग हाताने घासून कडांचे पितळ उघडे केले. असे १२५ कॅमेरे तयार करण्यात आले. कारागिरांचे कौशल्य मोठे होते, यात शंका नाही. पण मला ही कल्पना पटत नाही. ज्या कॅमेऱ्याने पाऊस पाहिला नाही आणि ऊन सोसले नाही, त्याच्या अंगावर दुसऱ्याच्या कष्टांच्या खुणा रंगविल्यासारखे ते झाले. न गेलेल्या लढाईच्या जखमा मिरविण्यासारखेच हे आहे. जुन्या कॅमेऱ्याचे पितळ दिसते तेव्हा त्यात फसवणूक नसते. कारण तो कधी सोन्याचा म्हणवून घेत नव्हता. पण विकत घेतलेली झीज अंगावर वागविणाऱ्याला कोणी विचारले, “आपण या कॅमेऱ्याने कोठे कोठे चित्रे घेतली?” तर त्याचे मात्र म्हणीतले पितळ उघडे पडेल.

म्हणून माझे मत असे आहे, की झीज झाकू नये, विकत घेऊ नये आणि हेळसांडीला झिजेचे नाव देऊन स्वतःची समजूत घालू नये. शाळेची जुनी बाके, वडिलांची सायकल, आईचे शिलाईचे यंत्र यांनाही हाच न्याय लावावा. जी वस्तू काम करता करता झिजली, तिला स्वच्छ ठेवून कामात ठेवावे. आणि ज्या माणसांचे हात कामाने खरखरीत झाले आहेत, त्यांचे हात पाहून नाक मुरडू नये.

तुमच्या घरी, आजोळी किंवा शेजारी कोणाकडे असा कॅमेरा असेल, तर तो भंगारवाल्याच्या तराजूत जाण्यापूर्वी वडीलधाऱ्यांना विचारा: हा कोणाचा होता? कोठे घेतला? त्याने घेतलेली चित्रे कोठे आहेत? त्यांची उत्तरे एका कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहून तो कागद कॅमेऱ्याच्या डब्यात ठेवा. कॅमेऱ्याच्या अंगावर वापर लिहिलेला असतो, पण वापरणाऱ्याचे नाव लिहिलेले नसते. ते सांगणारी माणसे आपल्यात आहेत, तोवरच ते लिहून घेता येईल. यंत्र चालत असेल, तर रोळ अजूनही मिळतो. तो महाग आहे, हे खरे. म्हणून चार भावंडांनी मिळून वर्षातून एक रोळ घ्यावा आणि घरच्या माणसांची चित्रे काढावी. त्या दिवशी कॅमेऱ्याचा रंग आणखी किंचित उडेल. तो खुशाल उडू द्यावा.